पुडीतल्या गोळीला नाव हवे!

नगरपालिकेच्या सफाई खात्यात कंत्राटावर झाडू मारणाऱ्या आमच्या वस्तीतील एका मावशींचे गुडघे दुखत होते. पहाटे पाचला रस्त्यावर उतरायचे, दुपारपर्यंत वाकून झाडायचे, कचऱ्याची गाडी ढकलायची. गुडघे दुखणार नाहीत तर काय होईल? वस्तीच्या नाक्यावर एक दवाखाना आहे. तिथले डॉक्टरसाहेब कमरेत एक इंजेक्शन मारायचे आणि पांढऱ्या कागदात बांधलेल्या पुड्या हातावर ठेवायचे. 'सकाळी एक, रात्री एक.' दोन दिवसांत गुडघा मोकळा व्हायचा. पुड्या संपल्या की दुखणे परत यायचे आणि मावशी परत दवाखान्याची पायरी चढायच्या. असे दोन वर्षे चालले.

या दोन वर्षांत मावशींचा चेहरा गोल गरगरीत झाला. शेजारणी म्हणाल्या, मावशी, तब्येत सुधारली तुमची. मग एक दिवस पायाला खिळा लागला. ती जखम भरेना म्हणून त्या सरकारी रुग्णालयात गेल्या, तर रक्तातली साखर भलतीच वाढलेली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, 'मावशी, इतके दिवस कोणते औषध घेत होता?' मावशींनी पदराची गाठ सोडून एक पुडी टेबलावर ठेवली. त्यात एक पिवळी गोळी, एक पांढरी गोळी आणि एक अर्धी तोडलेली गोळी. कशावरही नाव नाही. डॉक्टरीणबाईंना संशय आला तो स्टेरॉइडचा. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

मावशी आमच्याकडे आल्या. 'वकीलसाहेब, केस करा.' आम्ही विचारले, चिठ्ठी आहे? नाही. पावती? नाही. केस पेपर? तो काय असतो? चार कार्यकर्ते घेऊन आम्ही त्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेब शांतपणे म्हणाले, 'स्टेरॉइड? कोण म्हणते? मी तर कॅल्शियम दिले.' मग लिहून का दिले नाही, असे विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, 'लिहून दिले असते तर यांना वाचता आले असते का?'

आजचा हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. त्या डॉक्टरांचे नाव आम्ही छापत नाही. एक तर आमच्या हातात कागद नाही, आणि दुसरे म्हणजे असे ते एकटे नाहीत. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरातल्या कोणत्याही झोपडपट्टीत, कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत असा दवाखाना सापडतो. तिथली पद्धत ठरलेली आहे. ताप आला, इंजेक्शन. अंग दुखले, इंजेक्शन. अशक्तपणा वाटला, सलाईन. आणि काहीही झाले तरी पुडी. पुडीत काय आहे हे डॉक्टरला माहीत आणि फार तर त्याच्या कंपाउंडरला माहीत. ज्याच्या पोटात ते जाते त्याला मात्र माहीत नाही.

सलाईनचेच घ्या. आपला माणूस दिवसभराची मजुरी बुडवून, वर शेकडो रुपये मोजून सलाईन लावून घेतो आणि 'ताकद आली' म्हणून घरी जातो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत असते काय? २५ ग्रॅम साखर आणि बाकी पाणी. म्हणजे पाच-सहा चमचे साखर! रुग्ण बेशुद्ध असेल, उलट्या थांबत नसतील, रक्तदाब कोसळला असेल तर योग्य सलाईन जीव वाचवते, हे आम्ही मान्य करतो. पण चालत दवाखान्यात आलेल्या आणि पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला तिची गरज सहसा नसते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाईन संपत आली. त्यांनी साखर, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून लोकांना पाजले आणि हजारोंचे प्राण वाचवले. ज्या उपायाने छावणीतली माणसे जगली तो आपल्या घरातल्या डब्यात आहे. पण डब्यातल्या साखर-मिठाचे पैसे कोण देणार? म्हणून ते कोणी सांगत नाही.

सर्दी-पडशावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, कारण ते विषाणूमुळे होते आणि अँटिबायोटिक मारते ते जिवाणूंना. तरी पुडीत अँटिबायोटिक असते. तेही दोन दिवसांचे, कारण तेवढेच पैसे खिशात असतात. ज्याला खरोखर अँटिबायोटिकची गरज आहे त्याचे औषध अर्ध्यावर सुटते आणि ज्याला गरज नाही त्याच्या अंगातले जिवाणू त्या औषधाला सरावतात. उद्या न्यूमोनिया झाला तर तेच औषध चालत नाही. मग महागडे इंजेक्शन आणि मोठे रुग्णालय, शेवटी सावकार.

आणि स्टेरॉइड? ते विष नाही. दम्याच्या जोराच्या झटक्यात ते माणूस वाचवते. कोरोनाच्या काळात अत्यवस्थ रुग्णांना डेक्सामेथॅसोननेच आधार दिला. पण महिनोन् महिने न सांगता दिले तर तेच औषध साखर वाढवते, रक्तदाब वाढवते, हाडे पोखरते, जखम भरू देत नाही आणि चेहऱ्यावर खोटी सूज आणते. दुखणे मात्र झटकन थांबते. म्हणून डॉक्टरचे नाव होते, 'हाताला गुण आहे' म्हणतात. गुण हाताला नसतो, बंधूंनो, गुण त्या अर्ध्या गोळीला असतो. त्याची किंमत मात्र रुग्ण पुढे दहा वर्षे मोजतो.

सुईचीही तीच गोष्ट. २०१८ साली उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ येथे चाळीसहून अधिक गोरगरिबांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. सायकलवर फिरून स्वस्तात सुई टोचणाऱ्या एका बोगस वैद्याने तीच सुई पुन्हा पुन्हा वापरल्याचा आरोप झाला. स्वस्त सुई किती महाग पडते याचा हा धडा आहे.

कोणी म्हणेल, हे बोगस डॉक्टरांचे झाले, पदवीवाल्यांचे काय? तर मुंबईचेच उदाहरण घ्या. १९९१ साली धारावीच्या परिसरातील १०० खासगी डॉक्टरांना क्षयरोगाच्या रुग्णासाठी औषधे लिहायला सांगण्यात आली. त्यांनी ८० वेगवेगळ्या पद्धतींनी औषधे लिहिली! एक रोग, शंभर डॉक्टर आणि उपचार ऐंशी. जवळपास वीस वर्षांनी, २०१० साली, मुंबईत पुन्हा तसाच अभ्यास प्रसिद्ध झाला. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारे औषधे लिहिली आणि त्यातल्या फक्त सहा जणांचे औषध बरोबर होते. क्षयरोगाचे औषध चुकले तर काय होते ते धारावी, गोवंडी, मानखुर्दच्या लोकांना आम्ही सांगायला नको. साधा क्षय औषधांना दाद न देणारा क्षय होतो आणि एका घरातून चार घरांत जातो.

पण या अभ्यासातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. डॉक्टरांची चूक उघडी पडली, कारण त्यांनी लिहून दिले. लिहिलेले तपासता येते, मोजता येते, चूक असेल तर सुधारता येते. जे पुडीत बांधून दिले ते कोणी तपासायचे?

आम्ही डॉक्टरांचे वैरी नाही. रात्री दोन वाजता दार उघडणारे, पैसे नसले तरी औषध देणारे डॉक्टर आम्ही वस्त्यांमध्ये पाहिले आहेत. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांना बोलते करून त्यांच्याच व्यवसायातील कट प्रॅक्टिस आणि औषध कंपन्यांची दादागिरी चव्हाट्यावर आणली, ती डॉक्टरांच्याच तोंडून. दोष सगळा डॉक्टरांचाही नाही. आपला माणूस नुसत्या सल्ल्याचे पैसे देत नाही. 'सुई मारली नाही, कसला डॉक्टर?' असे म्हणून तो शेजारच्या दवाखान्यात जातो. सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळी, आणि सकाळी रोजंदारीवर गेले नाही तर चूल पेटत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण रांगेत उभे राहून 'औषध संपले, बाहेरून आणा' असे ऐकावे लागले तर त्या मोफतचे करायचे काय? मग नाक्यावरचा दवाखाना जवळचा वाटतो. तिथे तपासणी आणि औषध एकाच पैशात होते. चिठ्ठी घेतली तर डॉक्टरचे वेगळे आणि मेडिकलवाल्याचे वेगळे मोजावे लागतात.

म्हणून पुडी बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. पुडी खुशाल द्या. पण तिच्यावर नाव लिहा.

ही आमच्या मनची मागणी नाही, कायद्याची आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. औषधे विकायची तर परवाना लागतो. नोंदणीकृत डॉक्टरला स्वतःच्या रुग्णाला औषध देण्यापुरती यातून सूट आहे. ही सूट ज्या अनुसूचीत आहे ती अनुसूची 'के'. पण ही सूट फुकट दिलेली नाही, तिला अटी आहेत. औषध परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडूनच घेतलेले असावे आणि त्याची नोंद ठेवावी. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत अशा अनुसूची 'एच'मधील औषधांसाठी जादा अटी आहेत. पुडीवर डॉक्टरचे नाव-पत्ता हवा, पोटात घ्यायचे असेल तर किती घ्यायचे ते हवे. औषधाचे नाव, प्रमाण, रुग्णाचे नाव आणि तारीख एका रजिस्टरमध्ये त्याच वेळी लिहायला हवी. त्या नोंदीचा क्रमांक पुडीवर टाकायला हवा आणि ते रजिस्टर किमान दोन वर्षे जपायला हवे. वाचकहो, तुमच्या आयुष्यात असा क्रमांक टाकलेली पुडी तुम्ही कधी पाहिली आहे? आम्ही वकिलीत इतकी वर्षे घालवली, आम्ही पाहिलेली नाही.

चिठ्ठीचेही नियम आहेत. मेडिकलवाल्याकडे जाणारी चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरची सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे प्रमाण हवे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. औषध जेनेरिक, म्हणजे मूळ नावाने लिहावे आणि ते वाचता येईल असे लिहावे, शक्यतो मोठ्या अक्षरांत, अशी दुरुस्ती २०१६ मध्ये झाली. रुग्णाने आपली कागदपत्रे मागितली तर ती ७२ तासांत द्यावी लागतात. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले आणि त्याच महिन्यात स्थगित करून २००२ चेच पुन्हा लागू केले. क्षयाची औषधे, वरच्या श्रेणीतील अँटिबायोटिक्स अशा औषधांसाठी १ मार्च २०१४ पासून 'एच-१' ही अनुसूची लागू आहे. ती विकताना मेडिकलवाल्याने डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे ठेवायचे आहे. आणि २०२५ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर स्पष्टच सांगितले की, वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या घटनेतला हा हक्क नाक्यावरच्या दवाखान्याच्या पायरीपर्यंतही पोचलेला नाही, ही आमची तक्रार आहे.

पुडीत काय लपते याचे आणखी एक उदाहरण. दोन-तीन औषधे विनाकारण एकत्र करून बनवलेल्या गोळ्यांवर केंद्र सरकारने वेळोवेळी बंदी घातली. २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर घातली, ती न्यायालयात अडकली. फेरतपासणीनंतर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर आणि २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांवर घातली. वेष्टनासकट गोळी हातात असेल तर ती बंदीतली आहे की नाही हे शोधता येते. वेष्टन काढून पुडीत बांधलेली गोळी बंदीतली आहे हे सरकारला कळणार कसे आणि मावशींना कळणार कसे?

आता कागद नसल्याने काय होते ते सांगतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. १९९६ साली पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईच्या प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने अॅलोपॅथीची औषधे दिली हाच निष्काळजीपणा, असा निवाडा दिला आणि मृताच्या पत्नीला तीन लाख रुपये भरपाई देवविली. पुढे महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथांना काही मुभा दिली आणि त्यावरून वाद झडले. तो वाद पदव्यांचा आहे. आमचा प्रश्न त्याहून साधा आहे. पदवी कोणतीही असो, काय दिले ते लिहून देणार की नाही?

कारण कायदा कितीही चांगला असला तरी तो पुराव्यावर चालतो. मावशींची पुडी सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देता येते. औषध कायद्याच्या कलम २६ प्रमाणे फी भरून कोणीही आपण विकत घेतलेले औषध तपासून घेऊ शकतो. पण अहवाल 'स्टेरॉइड' असा आला तरी पुढचा प्रश्न उभा राहतो. ही पुडी त्याच दवाखान्यातली कशावरून? तिच्यावर नाव नाही, क्रमांक नाही, तारीख नाही. कोऱ्या कागदाने डॉक्टर वाचतो आणि रुग्ण बुडतो. पुडी कोरी ठेवण्यातला फायदा इथे आहे.

आता थोडे आपल्या माणसांशी बोलू. कागदाचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो म्हणून आजोबांच्या शाळेचा जीर्ण दाखला आपण पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवतो. नोकरीसाठी, घरकुलासाठी, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी आपण दहा दारे झिजवून कागद गोळा करतो. आणि तोच माणूस दवाखान्यातून आपल्या लेकराच्या पोटात काय गेले याचा कागद मागत नाही! का? कारण डॉक्टरपुढे आपण मान खाली घालतो. साहेबाला विचारायचे कसे, त्याला राग आला तर? ज्या समाजाने हजारो वर्षांच्या पोथ्यांना प्रश्न विचारले, त्याने एका पुडीला प्रश्न विचारायला घाबरावे? कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ते दवाखान्याच्या दारात चप्पल काढताना विसरायचे नसते.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना काही कामे सुचवतो. मोर्चा नको, दगड तर नकोच.

पहिले. दवाखान्यात गेल्यावर चिठ्ठी मागा. तारीख, औषधाचे मूळ नाव, किती वेळा घ्यायचे, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक. पुडीच मिळत असेल तर नम्रपणे म्हणा, 'डॉक्टरसाहेब, पुडीवर नाव लिहा.' इंजेक्शन दिले तर कशाचे ते लिहून घ्या. सुई पाकीट फोडून नवी काढली का, ते डोळ्यांनी बघा.

दुसरे. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास 'औषधवही'चा ठेवा. आपल्या मुली नर्सिंग शिकतात, आपली मुले फार्मसी शिकतात. त्यांनी वस्तीतल्या चिठ्ठ्या आणि पुड्या पाहाव्यात, नावे वहीत उतरवावीत, शंका असेल तर सरकारी रुग्णालयात पाठवावे. त्यांनी स्वतः डॉक्टरकी करू नये आणि कोणाचे औषध बंदही करू नये. विशेषतः स्टेरॉइडचा संशय असेल तर ते एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच कमी करावे लागते.

तिसरे. मेडिकलमधून बिल घ्या, बॅच नंबरासकट.

चौथे. तक्रार करायची तर लेखी करा. औषधाबाबत अन्न व औषध प्रशासनाकडे, डॉक्टरच्या वागणुकीबाबत त्याची नोंदणी ज्या परिषदेकडे असेल तिच्याकडे, भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. सगळीकडे पहिला प्रश्न एकच येईल, 'कागद आहे का?'

सरकारकडेही आमची एक मागणी आहे. खाटा असलेल्या रुग्णालयांना १९४९ चा नर्सिंग होम कायदा लागू आहे आणि २०२१ पासून त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही आली. नाक्यावरचा बिनखाटांचा दवाखाना, जिथे गरीब माणूस सर्वांत आधी जातो, तो त्यातून सुटतो. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी मेडिकलची दुकाने तपासतात तशी डॉक्टरांची पुड्यांची रजिस्टरेही तपासावीत. नवा कायदा नको, आहे तोच वाचा.

मावशींची केस आम्हाला उभी करता आली नाही, याची बोच आम्हाला आहे. त्यांच्या पायाची जखम आता भरत आली आहे. साखरेची गोळी मात्र जन्मभर घ्यावी लागेल, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. ती गोळी सरकारी रुग्णालयातून नावासकट, चिठ्ठीसकट मिळते. मागच्या आठवड्यात मावशींची सातवीतली नात ती चिठ्ठी आजीला अक्षर अक्षर लावून वाचून दाखवत होती. मेट-फॉर-मिन. मावशी तिच्यामागून म्हणत होत्या.

नाक्यावरच्या डॉक्टरसाहेबांनी विचारले होते, यांना वाचता आले असते का? त्यांना आमचे उत्तर एवढेच. तुम्ही लिहा, डॉक्टरसाहेब. वाचायचे आमच्यावर सोडा.